तिखट नाही, म्हणून मांजराला चालेल?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात दोन मांजरं आहेत. मन्या हा चार वर्षांचा बोका, वजन साधारण ४ किलो, आणि चिमी हे तीन महिन्यांचं पिल्लू. रोज दोघांना दूध-भाकरी असते आणि रविवारी मटण. तांबड्या रश्श्यातला तुकडा मी पाण्याखाली धुऊन देते. सासूबाई मात्र वाटीभर अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी, घालतात. "त्यात कुठं तिखट असतंय? पोरांस्नी देतोय की आपण," असं त्यांचं म्हणणं. गेल्या रविवारी मन्यानं ती वाटी साफ केली, वर पांढऱ्या रश्श्याचं पातेलंही चाटलं. मंगळवारपासून तो कोपरा धरून बसला, खाणं निम्म्यावर आलं. अंग गरम लागलं म्हणून दीर म्हणाले, क्रोसिनची पाव गोळी दे. माझा धीर झाला नाही. आता शनिवार आहे आणि तो बरा दिसतोय. तिखटाशिवाय आणखी काय टाळायचं? इतकी वर्षं आमच्याकडची मांजरं हेच खात आलीत. (एक वाचक)

उत्तर : ताई, गोळी दिली नाहीत, हे फार चांगलं केलंत. तिच्याबद्दल पुढे सांगतोच. आधी मन्याचं.

तो बरा दिसतोय एवढ्यावर थांबू नका. हे वाचल्यावर पहिलं काम म्हणजे त्याला पशुवैद्यांकडे नेऊन रक्ताची तपासणी करून घेणं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला सांगा, आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन 'हाइन्झ बॉडी', म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या गाठी, दिसतात का ते पाहायला सांगा. रविवारी काय खाल्लं, किती खाल्लं आणि सुस्ती कधी सुरू झाली, हे तीनही सांगा. रविवारी खाणं आणि मंगळवारी सुस्ती हे अंतर कांद्या-लसणाच्या विषबाधेत अगदी बसतं. सुस्तीला दुसरं कारणही असू शकतं, म्हणूनच अंदाजावर न राहता तपासायचं. रिपोर्टमध्ये 'पीसीव्ही', म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत, हा आकडा बघा. धडधाकट मांजरात तो साधारण ३० ते ४५ असतो. त्यापेक्षा खाली असेल तर रक्त कमी झालंय.

आता मूळ मुद्दा. तुमच्या घरात, आणि कोल्हापुरात बहुतेक घरांत, मांजराला काय चालतं ते तिखटावरून ठरतं. तिखटानं मांजराचं तोंड पोळतं, लाळ गळते, उलटी होते. त्याला त्रास होतो, पण सहसा जीव जात नाही. जीवावर बेततं ते कांद्या-लसणानं. आणि ज्या पदार्थाला आपण सौम्य म्हणतो, त्या अळणीत आणि पांढऱ्या रश्श्यात तोच माल भरपूर असतो. मटणाला आलं-लसणाचं वाटण चोळून, कांद्यावर परतून, पाणी घालून शिजवलं की अळणी तयार होते. लसणाचा सगळा अर्क त्या पाण्यात उतरलेला असतो. लहान मुलाला ते पचतं, कारण माणसाचं रक्त वेगळं आहे.

वेगळं म्हणजे कसं? कांदा, लसूण, पात, लीक या सगळ्यांत गंधकाची संयुगं असतात. पोटात गेल्यावर ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवर चढाई करतात. मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा संयुगांना बळी पडणाऱ्या जागा आठ असतात, कुत्र्यात चार, माणसात दोन. बिघडलेलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशीच्या कडेला गाठीसारखं चिकटतं. त्या गाठी म्हणजेच हाइन्झ बॉडी. अशी पेशी ठिसूळ होऊन फुटते. असा बिघाड निस्तरायला इतर प्राण्यांची प्लीहा बरीच मदत करते, मांजराची प्लीहा त्यात कमी पडते. पेशी फुटायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रविवारचं जेवण आणि बुधवारचं आजारपण यांची सांगड घरच्यांना लागत नाही, आणि "हवा बदलली" म्हणून विषय संपतो. तुमच्या घरी इतकी वर्षं काही झालं नाही असं वाटतं, त्यामागे हेही कारण असू शकतं.

मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे ५ ग्रॅम कांदा एकदम पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू लागतो. मन्या ४ किलोचा, म्हणजे २० ग्रॅम. मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. चिमी किलोभराची असेल तर तिला ५ ग्रॅम पुरे, म्हणजे कांद्याच्या दोन-तीन पाकळ्या. लसूण याच्या तीन ते पाच पट जहाल. आता तुमच्याच पातेल्याचा हिशेब करू. एक किलो मटणाला तीन कांदे, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम, आणि लसणाचा एक मोठा गड्डा, सोलून ३० ग्रॅम धरू. लसणाचा जोर चौपट धरला तर तो १२० ग्रॅम कांद्याएवढा. एकूण ३७० ग्रॅम कांद्याइतका माल दोन लिटर रश्श्यात. १०० मिलीच्या वाटीत १८ ग्रॅम आला. घरोघरी प्रमाण वेगळं असतं, पण मन्याची वाटी धोक्याच्या रेषेला टेकली होती आणि वर पातेलंही होतं, एवढं यातून कळतं. शिवाय दर रविवारी थोडं थोडं गेलं तरी धोका टळत नाही. आधीच्या नुकसानीतून रक्त सावरतंय तोवर दुसरा घाव बसतो.

शिजवल्यानं, तळल्यानं किंवा वाळवल्यानं हे विष मरत नाही. वाळवल्यानं उलट दाट होतं. कांद्यात जवळपास ८५ ते ९० टक्के पाणी असतं; ते उडालं की १० ग्रॅम सुक्या कांद्यात ७०-८० ग्रॅम ओल्या कांद्याचा ऐवज उरतो. यावरून उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेल्या आपल्या कांदा-लसूण मसाल्याकडे बघा. चमचाभर मसाला मांजरासाठी मोठी मात्रा आहे. तो अंगावर सांडला तर मांजर केस चाटूनच पोटात घेतं. तेव्हा ओल्या कापडानं लगेच पुसा, आणि गरज पडली तर कोमट पाणी आणि सौम्य शाम्पूनं धुऊन टॉवेलनं कोरडं करा.

तुकडा धुऊन देण्यानं वरचा रस्सा आणि तिखट जातं. पण मुरलेल्या, शिजलेल्या मटणाच्या धाग्यांत शिरलेलं पाणी तसंच राहतं. सुक्क्यातला तुकडा तर धुवून उपयोगच नाही. मिसळीचा कट, अंडाकरी, खिमा, भडंगातला तळलेला लसूण, सूपची पाकिटं, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी लावून दिलेली भाकरी, हे सगळं याच गटातलं. बाळांसाठीच्या काही तयार मांसाच्या प्युरीतही कांद्याची पूड असते. आजारी मांजराला भूक लागावी म्हणून ती देण्याची पद्धत आहे, तेव्हा डबीवरचे घटक वाचल्याशिवाय देऊ नका.

पुढे कधी असं खाल्लंच, तर वेळ महत्त्वाची. उरलेलं अन्न उचला. किती वाजले, काय, किती, हे कागदावर लिहा. वजन माहीत नसेल तर मांजर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. मग लगेच फोन करा. खाऊन एक-दोन तास झाले असतील तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. हे काम घरी करायचं नाही. मिठाचं पाणी पाजलं तर मिठाचीच विषबाधा होते, हायड्रोजन पेरॉक्साइडनं मांजराच्या जठरातून रक्त येऊ शकतं, आणि बळजबरीनं पाजलेलं दूध, तूप किंवा तेल श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. कोळशाची पूडही घरी देऊ नका. कुत्र्यासाठी वाचलेला उपाय मांजराला लावू नये.

मांजर ठीक दिसत असलं तरी त्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी बघा. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी हव्यात, पांढुरक्या किंवा पिवळसर दिसल्या तर थांबू नका. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहा. दुसरं, लघवी. लालसर किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी म्हणजे फुटलेल्या पेशींचा रंग उतरतोय. मातीत जाणाऱ्या मांजराची लघवी दिसत नाही, म्हणून त्या आठवड्यात त्याला घरातच ठेवा आणि ट्रेमध्ये मातीऐवजी फाडलेला वर्तमानपत्राचा कागद घाला. तिसरं, श्वास. गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते १५ सेकंद मोजून चारनं गुणा. मिनिटाला ३० पर्यंत ठीक, ४० च्या वर गेलं किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर रात्र असली तरी निघा. नेताना धरून दाबू नका, टोपलीत किंवा छिद्रं असलेल्या खोक्यात ठेवा. रक्त कमी झालेल्या मांजराला नुसती झटापटही झेपत नाही. फार खालावलं तर रक्त चढवावं लागतं, आणि मांजरांतही ए, बी, एबी असे रक्तगट असतात, जुळवल्याशिवाय चढवता येत नाही. रात्री कोण डॉक्टर फोन उचलतात हे आजच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता ती गोळी. पॅरासिटामॉल, मग ती क्रोसिन असो, डोलो असो की मुलांचं पातळ औषध, मांजराला कणभरही नाही. माणसाचं यकृत ज्या वाटेनं हे औषध निकामी करतं, ती वाट मांजरात जवळजवळ नाहीच. दर किलोला १० मिलीग्रॅम इतक्या कमी मात्रेवरही विषबाधा झालेली आहे. ५०० च्या पाव गोळीत १२५ मिलीग्रॅम असतं; मन्याच्या वजनाला ते किलोमागे ३० च्या पुढे गेलं असतं, आणि अख्ख्या गोळीनं त्याचा जीव जाऊ शकला असता. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो काही तासांत मिळायला हवा. कांद्यानं आधीच पोळलेल्या रक्तावर ही गोळी पडली असती, म्हणून तुमचं थांबणं इतकं मोलाचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनाही हेच लागू. दिरांना हे जरूर वाचून दाखवा.

दूध-भाकरीचं काय? दूध विष नाही. पण मोठ्या मांजराला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. आपल्याकडचं म्हशीचं दूध वर स्निग्ध. पातळ जुलाब, गॅस, पोटदुखी ही त्याची फळं. एखाद्याला चमचाभर सोसतं, एखाद्याला तेही नाही. खरी काळजी भाकरीची आहे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक ते स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस, मासे, काळीज, हृदय यांतूनच मिळतो, ज्वारीत नसतो आणि दुधात फार थोडा असतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ मध्ये समजलं, आणि हृदय फुगून कमकुवत होतं हे १९८७ मध्ये. गेलेली दृष्टी परत येत नाही. चिमी वाढीच्या वयाची आहे, तिचं दूध-भाकरीवर भागणार नाही.

तेव्हा रोजच्यासाठी पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित' असं लिहिलेलं मांजराचंच खाद्य घ्या. कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून आणू नका, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन असेलच असं नाही. मन्याला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. चिमीला पिल्लांचं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. शेजारी पाण्याचं पसरट भांडं. बदल एका दिवसात करू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असे आठ-दहा दिवस जाऊ द्या. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवणं मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत बंद पडू शकतं, लठ्ठ मांजरात तर लवकरच. मोठ्या मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर. पिल्लासाठी इतकीही वाट बघू नका.

रविवार मात्र मोडायला नको. मटण धुऊन झालं की मीठ, हळद, वाटण लावायच्या आधी बिनहाडाचे, चरबी नसलेले दोन-तीन छोटे तुकडे बाजूला काढा. झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात दोन चमचे पाण्यासह ठेवा आणि तो डबा भाताच्या कुकरमध्ये लावा. मटणाच्या कुकरात उघडा ठेवू नका, रस्सा उसळून आत जातो. मऊ झालं की बोटांनी धागे करा, मसाल्याचा चमचा त्यात घालू नका. डब्यातलं पाणी गार करून त्यावरच ओता, शिजताना टॉरिन त्या पाण्यात उतरलेलं असतं. मन्याला शिजलेलं १५ ग्रॅम पुरे, म्हणजे सुपारीएवढे दोन घास. त्याची दिवसाची गरज २०० ते २५० कॅलरी आहे आणि वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. चिमीला एक घास. नुसत्या मांसावर कायम ठेवायचं नाही, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. हाडं अजिबात नाहीत. शिजलेलं हाड फुटून सुईसारखं होतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. कोंबडीच्या पायाचं तर जास्तच.

काळीज आठवड्यातून एकदा सुपारीएवढं चालेल. रोज दिलं तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन काही महिन्यांत मानेचे मणके एकमेकांना जुळतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. मासा द्यायचा तर शिजवून आणि काटे काढून. कॉमन कार्पसारख्या काही माशांत कच्चेपणी असं एक द्रव्य असतं की ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. असा कच्चा मासा सतत खाल्ला तर मान छातीकडे वाकते, तोल जातो, झटके येतात. शिजवलं की ते द्रव्य नाहीसं होतं. सुकट, जवळा, खारा बांगडा यांत मीठ फार, ते नकोच. फरसाण आणि लोणचंही त्याच कारणानं नको.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हृदय आणि मेंदूला चेतवतं. किलोमागे २० मिलीग्रॅमपासून अस्वस्थता, उलट्या सुरू होतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रेला हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. मन्याला ८० मिलीग्रॅम म्हणजे दुधाच्या चॉकलेटचे सुमारे ४० ग्रॅम, गडद चॉकलेटचे १५, आणि कोको पावडरचे जेमतेम चार-पाच. मांजराला गोड चव कळतच नाही, ते स्निग्धाच्या वासानं येतं. म्हणून वडीपेक्षा चॉकलेट आइस्क्रीम आणि क्रीमचा केक जपा. चहा-कॉफीत कॅफिन असतं, कप झाकून ठेवा आणि चोथा उघड्या डब्यात टाकू नका. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मांजरालाही देऊ नयेत. दारू थेंबभरही नाही. पाव-पिझ्झ्यासाठी यीस्ट घालून भिजवलेलं कच्चं पीठही नाही. ते पोटात फुगतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो.

एक गोष्ट राहिली. पेठेतलं मांजर एका घरचं नसतं, चार दारांत त्याची वाटी असते. तुम्ही कितीही जपलंत तरी पलीकडच्या काकू प्रेमानं रस्सा-भाकरी घालतीलच. त्यांना जाऊन सांगा की आमच्या मन्याला कांदा-लसूण बाधतो, त्यावर औषधपाणी चालू आहे, काही घालायचंच असेल तर पाण्यात उकडलेल्या अंड्याचा तुकडा घाला. मन्याच्या गळ्यात कागदी पट्टा बांधून त्यावर "रस्सा देऊ नका" असं लिहिलंत तरी चालेल. पट्टा ओढल्यावर तुटेल इतका कच्चा हवा, नाहीतर कौलावर किंवा खिडकीत अडकून फास बसतो. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला आणि गावच्या म्हाईला घरोघरी पातेली चढतात, उष्ट्या पत्रावळ्या दारात पडतात. त्या एक-दोन दिवसांत दोघांना खोलीत ठेवा, आणि पत्रावळ्या झाकणाच्या बादलीत जाऊ द्या. सासूबाईंच्या हाताला सवय आहे घास भरवायची, तर तो स्टीलचा डबा त्यांच्याच हाती द्या.

मन्याचा पीसीव्ही कमी आला तर डॉक्टर सांगतील त्या दिवशी, सहसा दोन-तीन दिवसांनी, पुन्हा रक्त बघायला न्या. रिपोर्ट आल्यावर आकडे आम्हाला कळवा.